तेराव्या होलचं वळण

आडवणे, ता. मालवण
११ जानेवारी १९६६

गुरुदास,

मला उद्देशून ‘महाशय’ लिहायला तुझा हात कसा धजावला, ते आधी कळव. टाइपरायटरने लिहिलं म्हणशील, पण खाली सही तुझी आहे. सात वर्षांनी तुझा कागद येतो तो कंपनीच्या लिफाफ्यातून, आणि त्यात काय, तर ‘महाशय, सोबतच्या नकाशावर आपला अनुभवी अभिप्राय कळवावा.’ गोल्फ क्लबाच्या माळ्यांच्या चाळीत ज्याच्या खाटेवर कागद पसरून तू ड्रॉइंग शिकलास, आणि कागद चुरगळू नयेत म्हणून जो आठ वर्षं जमिनीवर झोपला, तो थोरला भाऊ आता महाशय झाला.

तुझ्या लग्नाची पत्रिका मला लग्न लागून गेल्यावर मिळाली, मी ती परत पाठवली आणि बोलणं बंद झालं. ते एक असो. पण गावपळणीचं कार्ड मी तुला चुकवलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी घातलं, परवा डिसेंबरातही घातलं. गावातून बाहेर गेलेल्या प्रत्येकाला तारीख कळवायची ही रीत आहे, म्हणून घातलं. त्याला उत्तर नाही आणि नकाशाला मात्र उत्तर पाहिजे.

विचारलंच आहेस तर सांगतो. एकतीस वर्षं मी त्या क्लबात काढली, त्यातली चौदा हेड माळी म्हणून. साहेब लोक खेळून घरी जात, मैदान रात्रंदिवस आमच्या गळ्यात. तेव्हा आपल्या कातळी सड्यावर गोल्फचं मैदान होणार, तिथे पैसे घेऊन खेळणारे धंदेवाईक खेळाडू येणार, टुर्नामेंट भरणार, हे वाचून मला हसू आलं नाही. मी चष्मा लावून नकाशा घेऊन बसलो.

नववा होल तू पश्चिमेला तोंड करून संपवलायस. टुर्नामेंटच्या दिवशी मागून सुटलेले गडी तिथे पोहोचतील तेव्हा समुद्रावरचा सूर्य थेट त्यांच्या डोळ्यांत जाईल. तो फिरव. तिसरा संपतो त्या ग्रीनला चिकटून चौथा सुरू करायची टी ठेवलीस, मग बघायला आलेली माणसं कुठे उभी राहणार? एकाचा चेंडू दुसऱ्याच्या टाळक्यात बसेल. कातळावर माती चार बोटं आहे, हरळी तिच्यात जगायची नाही, होडीने गाळ आणून हातभर तरी भर घालावी लागेल. आणि पाण्याचं काय? ग्रीनला रोज पाणी लागतं. आपल्या सड्यावर फेब्रुवारीत चिमणीलासुद्धा प्यायला नसतं हे तुला मी सांगायचं का?

सहावा होल मात्र चांगला काढलायस. वाहता व्हाळ बुजवला नाहीस, त्याच्यावरून मारायला लावलंस आणि एक घमेलं माती न हलवता होल उभा राहतो. क्लबातल्या गोऱ्या साहेबाला जमलं नव्हतं ते तुला जमलं. रागात आहे म्हणून हे लिहायचं टाळणार नाही.

नकाशासोबत पाठवलेल्या छापील फॉर्मवर सही केली आहे. फॉर्मात अठरा होल लिहिलेत आणि कागद तू नऊंचाच पाठवलास, दुसरा मागाहून येईल म्हणालास. पहिले नऊ ज्याने असे काढले तो पुढचे नऊ वाईट काढणार नाही, म्हणून ‘रचना उत्तम, स्थानिक रहिवासी या नात्याने शिफारस करतो’ याच्याखाली नाव घातलं.

पुढच्या वेळी महाशय लिहिलंस तर लिफाफा न फोडता परत करीन.

सत्यवान

२९ जानेवारी १९६६

गुरुदास,

दुसरा कागद तू पाठवला नाहीस. तो मला दाजी गावकरांच्या ओटीवर पाहायला मिळाला. कंपनीचा एक माणूस खुंट्या मारत खालच्या वाडीत उतरला, माणसं जमली, त्याला दाजींकडे नेलं. देवाचा कौल घेणारे दाजी, त्यांना इंग्रजी नकाशा काय कळणार. त्यांनी मला बोलावलं, कारण गावात गोल्फ जाणणारा मी एकटा. तेवढीच माझी प्रतिष्ठा, आणि तीही त्या दिवशी मला नकोशी झाली.

दहावा होल सड्यावरून खाली उतरतो. अकरावा बाबलीच्या माडांतून जातो. बाराव्याचं ग्रीन सुभद्राकाकीच्या खळ्यात आहे, बरोबर अंगणातल्या तुळशीपाशी. वाडीच्या विहिरीवर पंप दाखवलाय, सड्यावरच्या ग्रीनना पाणी तिथून. मी तुला पाणी कुठून आणणार म्हणून विचारत होतो, त्याचं उत्तर तू आधीच काढून ठेवलं होतंस. बावीस घरं आहेत खालच्या वाडीत, आणि तुझ्या कागदावर एकही नाही. नुसता पांढरा कागद, त्यावर तिरक्या अक्षरांत ‘वस्ती नाही. काही ओस पडकी घरं.’

खोत ही जमीन कंपनीला विकायला निघालाय. जुन्या कागदांत ती अजून पडीक म्हणून त्याच्या नावावर आहे. तिथे माणसं राहतात, कसतात, असं दिसलं तर त्याला विकता येत नाही. वस्ती नाही असं दिसलं तर रस्ता मोकळा. हे त्या खुंट्या मारणाऱ्यानेच भाबडेपणाने सांगितलं. त्याच्याकडे फोटोही होते. दारांना कड्या, चुली थंड, गोठे रिकामे, रस्त्यात कोंबडीसुद्धा नाही.

नकाशाच्या कोपऱ्यात मोजणीच्या तारखा आहेत. १९, २०, २१ डिसेंबर.

तू विसरलास असं मानायची माझी फार इच्छा आहे, म्हणून आठवण करून देतो. देवाचा कौल झाला की तीन दिवस आणि तीन रात्री आडवण्यात जिवंत काही राहत नाही. माणसं जातात, गुरं जातात, कुत्री, मांजरं, टोपलीखाली झाकून कोंबड्या जातात. वेशीबाहेर माडाच्या झापांच्या झोपड्या घालून सगळा गाव राहतो आणि गाव देवाला मोकळा सोडतो. बाळंतीण असली तर तिला डोलीत घालून नेतात. तुलाही नेलं होतं, तू अकरा दिवसांचा होतास, आणि आईच्या मागून तुझ्या लंगोटांची बोचकी वाहणारा मी होतो. या खेपेला ते तीन दिवस १९, २०, २१ डिसेंबर हेच होते.

म्हणजे तू आलास. गावात एक माणूस नसताना, जेव्हा पाऊल टाकायचं नसतं तेव्हा, साहेबांना आणि कॅमेऱ्याला घेऊन आलास. परत आल्यावर सुभद्राकाकीला खळ्यात बुटाचे ठसे दिसले होते. ती घाबरली, दाजींनी देवाला गाऱ्हाणं घातलं, कोणाकडून काय चुकलं म्हणून गाव एकमेकांकडे संशयाने बघत राहिला. ते बूट तुझे होते. कुंपणानेच शेत खाल्लं आणि आम्ही चोर शोधत बसलो.

हे सगळं विमलाला सांगितलं. मला वाटलं ती तुला चार शब्द सुनावील. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “तुमीच कार्ड घातलात मां त्येका? तो इलो. आमीच घराक नव्हतंव.”

तुझ्या वहिनीला असली वाक्यं कुठून सुचतात कोण जाणे. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. पण तारीख तुला माझ्याच कार्डाने कळली, हे खोटं कसं म्हणू?

सत्यवान

६ फेब्रुवारी १९६६

गुरुदास,

उत्तर नाही. बरं. मीच लिहितो.

त्या माणसाकडून कागद दोन दिवसांसाठी मागून घेतला होता, त्याची मी तेलकागदावर नक्कल उतरून ठेवली. आणि होल एकेक करून तपासले, जसा तू अभिप्राय मागितला होतास तसे. तेराव्याला अडकलो.

तेरावा होल सपाट जमिनीवर आहे. बांध नाही, झाड नाही, पाणी नाही. सव्वाचारशे यार्ड सरळ सुटावा असा. आणि तू तो दोनशे यार्डांवर डावीकडे मोडलायस, एका मोकळ्या तुकड्याला वळसा घालून पुन्हा उजवीकडे आणलायस. वळणाला कारण लागतं. साहेब खेळाडूला विचारात पाडायला वळण ठेवतात, मग कोपऱ्यावर वाळूचा खड्डा असतो, तळं असतं, काही तरी भीती असते. इथे काहीच नाही. पांढरा कागद. मी म्हटलं, सहावा काढणाऱ्या माणसाला हा होल इतका वाईट कसा जमला?

मग काथ्याची दोरी घेऊन खुंट्यांवरून चालत गेलो. बाबलीने दोरीचं दुसरं टोक धरलं, कशाला ते विचारलं नाही. वळणाचा कोपरा आपल्या गोठ्याच्या मागल्या भिंतीवर येतो. त्या मोकळ्या तुकड्यात आपलं घर आहे, खळं आहे, आईची तुळस आहे. बाकी काही नाही.

मी तिथेच गोठ्याच्या पायरीवर बसलो. बाबलीला सांगितलं, ऊन लागलं.

एकवीस घरं पाडलीस आणि आपलं वाचवलंस. माझे डोळे भरून येतील अशी तुझी कल्पना असेल. गुरुदास, मला इतकी शरम आयुष्यात वाटली नव्हती. सुभद्राकाकीच्या दुधावर तू वाढलास, आई तापाने पडली होती तेव्हा. तिच्या खळ्यात ग्रीन आणि आपल्या खळ्याला वळसा! उद्या तिच्या भिंती पडताना मी आपल्या ओटीवर बसून काय करायचं, पान खायचं?

आणि ज्या कामाचा तुला गर्व, ते कामही धड नाही. टुर्नामेंटचा एकही खेळाडू तुझ्या वळणाने जाणार नाही. तो कोपरा कापून सरळ मारील, आणि त्याचे चेंडू आपल्या छपरावरून जातील. वर्षाकाठी घरावर एक कौल राहायचं नाही. पहिलं वर्ष शिकणाऱ्या ड्राफ्ट्समनलाही हे कळतं.

आता एक माझंही सांगतो, कारण तुझ्याकडे खरं मागायचं तर हिशेबाने मलाही द्यावं लागेल. तुझ्या लग्नाची पत्रिका उशिरा आली नव्हती. चार दिवस आधी आली होती. क्लबातले मेंबर लोक येणार हे मला ठाऊक होतं. ज्यांच्यासमोर मी तीस वर्षं खाकीत उभा राहिलो त्यांच्या शेजारच्या खुर्चीत नवऱ्यामुलाचा थोरला भाऊ म्हणून बसायचं, हे मला जमलं नसतं. तुला कमीपणा येईल असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मलाच घाबरायला झालं. मग उशीर झाल्याचा कांगावा करून पत्रिका परत धाडली. विमलालाही हे आज प्रथम सांगितलं.

तेव्हा तुझ्यावर माझा जुना राग होता तो खोटा. हा नवा खरा आहे. साहेबांना लेखी कळव की त्या तीन दिवसांत गाव का रिकामा होता. एवढंच कर.

सत्यवान

२३ फेब्रुवारी १९६६

गुरुदास,

तुझं इनलँड पत्र मिळालं. या खेपेला ‘ती. दादा’ लिहिलंस. पुढचं वाचलं आणि वाटलं, महाशयच बरा होता.

तू लिहितोस, गप्प राहा, घर मी वाचवलं आहे. तू लिहितोस, सुरुवातीला नुसता सडाच होता, साहेबांना अठरा होल पाहिजे झाले, मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याने काढले असते आणि आपलंही घर गेलं असतं. तू लिहितोस, कंपनी तुम्हाला हेड माळी नेमील. आणि शेवटी, सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात, की शिफारशीवर सही तुमचीच आहे, दादा, ती फाइलला लागली आहे.

मला धमकी दिलीस की आठवण, ते मी ठरवलेलं नाही. मात्र त्याच संध्याकाळी देवळात गेलो. लोक बसले होते. मी उभा राहून सांगितलं की कंपनीच्या कागदावर माझी सही आहे, दुसरा कागद न बघता केलेली. नकाशा कोणी काढला ते मात्र माझ्या तोंडातून निघालं नाही. तुला वाचवत होतो की स्वतःला, मला कळत नाही.

बाबली उठून गेला. सुभद्राकाकी माझ्याकडे बघत राहिली, तिला नीट कळलंच नव्हतं. दाजी शेवटी म्हणाले, “सही केलंस ता केलंस. आता साहेबासमोर खरा काय ता सांग. आणि ता अर्धा सांगा नको.”

नकाशा कोणाचा ते दाजींना ठाऊक आहे की काय अशी मला शंका येते. हेड माळीपद तुझ्याजवळच ठेव. विक्रीच्या परवानगीसाठी प्रांतसाहेबांची चौकशी दहा मार्चला मालवणच्या कचेरीत आहे. तू यावंस असं मी म्हणत नाही.

सत्यवान

२ एप्रिल १९६६

चि. गुरुदास,

चौकशीला तू आला नाहीस, म्हणून काय झालं ते सांगतो. कंपनीच्या वकिलाने तुला सांगितलं असेल ते त्याच्या सोयीचं असेल.

प्रांतसाहेब घाटावरचे, वर्षभरापूर्वी आलेले. वकिलाने फोटो मांडले आणि दाजींना एकच विचारलं. एकोणीस ते एकवीस डिसेंबर या घरांत कोण होतं? दाजी म्हणाले, कोणी नव्हतं. मग बाबलीला, मग सुभद्राकाकीला. सगळ्यांनी ठासून तेच सांगितलं. काकी तर वर म्हणाली, मांजरसुद्धा नव्हतं साहेब, आम्ही देवाची रीत मोडत नाही. माझा नुसता संताप होत होता. खरं बोलून बोलून माणसं स्वतःची घरं घालवत होती. गावपळण म्हणजे काय हे दाजींनी समजावलं, तेव्हा वकील हसला. तीन दिवस अख्खा गाव कोंबड्यांसकट रानात राहतो, आणि नेमके तेच तीन दिवस कंपनीला माहीत होते? मोजणीदारांनी बंद घरं पाहिली, ओस समजून लिहिलं, यात लबाडी कुठली? प्रांतसाहेबांनाही ते पटलेलं दिसलं. शिवाय आडवण्याच्याच एका जाणत्या रहिवाशाची शिफारस जोडलेली आहे, म्हणून वकिलाने माझा फॉर्म पुढे केला.

मला उभं केलं. सही माझी आहे म्हणून सांगितलं. मग तेलकागद टेबलावर पसरला आणि तेरावा होल दाखवला. साहेब, एकतीस वर्षं मी हे काम केलंय, या वळणाला मैदानाच्या दृष्टीने काही कारण नाही. जमीन ओस समजून नकाशा काढला असता तर हा होल सरळ गेला असता. इथे जे घर आहे त्याला वळसा घातलाय. काढणाऱ्याला घर कोणाचं आणि त्यात कोण राहतं हे ठाऊक होतं.

प्रांतसाहेब कागदावर वाकून बघत राहिले. मग विचारलं, “घर कोणाचं?”

माझं, म्हणालो.

“आणि नकाशा काढणारा तुमचा कोण?”

गुरुदास, मला त्या वेळी पुष्कळ उत्तरं सुचली. ओळखीचा आहे, गावचा आहे, पूर्वी क्लबात होता. मागे बाबली उभा होता, काकी होती. त्यांना कळलं की माझ्या भावाने नकाशा काढला आणि मी त्याला सही दिली, तर दोघे मिळूनच केलं असं कोण म्हणणार नाही? कचेरीत मी जन्मभर शुद्ध बोलत आलोय. तेव्हा मात्र ते जमलं नाही.

“माझो धाकटो भाव,” मी म्हटलं. “ह्याच गावात जल्मलो. गावपळणीची तारीख मीयाच त्येका कळवलंय.”

वकील पुन्हा हसला नाही. गावात जन्मलेल्याला गावपळण माहीत नव्हती असं तो म्हणणार कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रांतसाहेब कोणाला न कळवता खालच्या वाडीत आले. चुली पेटलेल्या, पोरं शाळेला निघालेली, काकी कोंबड्यांना दाणे टाकत होती. त्यांनी घराघरात जाऊन नावं लिहून घेतली, बावीस. विक्रीला परवानगी नाकारल्याचा कागद परवा आला. कंपनी नुसत्या सड्यावर नऊ होल करायला तयार नाही म्हणे, टुर्नामेंटला अठरा लागतात. पहिल्या नऊंबद्दल माझं मत बदललेलं नाही. ते होल व्हायला हवे होते.

बाबली अजून माझ्याशी बोलत नाही. विहिरीवर मी गेलो की माणसं वाट देतात, पूर्वी हाक मारायची. होईल हळूहळू, किंवा नाही होणार.

आणि काल तुझ्या बायकोचं, नीरजाचं पत्र आलं. पहिल्यांदाच तिचं अक्षर पाहिलं, छान आहे. तुला कंपनीने काढलं, तू पंधरा दिवस घरात बसून आहेस, कोणाशी बोलत नाहीस, हे तिने विमलाला लिहिलंय. मला नाही लिहिलं, ते बरोबरच केलं. तुझी नोकरी माझ्या तोंडून गेली. सात वर्षांत पहिल्यांदा मी तुला चारचौघांत भाऊ म्हटलं आणि त्यानेच तुझा घात झाला. मला पुन्हा विचारलं तर मी पुन्हा तेच सांगीन. पण मला रात्री झोप येत नाही.

राग गेलाय असं समजू नकोस. तू आलास की काकीच्या खळ्यात जाऊन तिच्यासमोर उभं राहायचं आहे आणि ‘ते बूट माझे होते’ म्हणून सांगायचं आहे. मी बरोबर येणार नाही. ती काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं.

एसटी तिठ्यावर दुपारी दोनला येते. मी तिथे न्यायला येणार नाही, तेवढा राग अजून आहे. वाट तुला ठाऊक आहे, डिसेंबरातच चाललायस. नीरजाला घेऊन ये. आम्ही घरात आहोत.

तुझा दादा